मडगार्ड जुळल्याशिवाय चासीला रंग लावू नका

तुमच्या पोस्टमधला चौथा फोटो बघितला आणि पोटात गोळा आला. गॅस कटरने कापलेल्या रिव्हेटचं (पत्रे जोडणाऱ्या लोखंडी खिळ्याचं) ते वेडंवाकडं भोक आणि शेजारी खडूने मारलेली फुली. माझ्याकडे हुबेहूब असाच फोटो आहे, २०१६ सालचा.

तुम्ही लिहिलंय की आजोबांची १९३० ची फोर्ड मॉडेल ए आहे, बॉडी उतरवून झाली, पुढच्या मडगार्डचे दोन्ही ब्रॅकेट आणि फुटबोर्डचे दोन गंजून गेलेत. ट्रॉलीवाला म्हणतो, पट्टी वाकवून वेल्ड मारून देतो. सोमवारी चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, पावडर कोटिंगला (पावडर फवारून भट्टीत भाजलेला रंग) जाणार. आणि प्रश्न काय, तर काळा ग्लॉस घ्यावा की सेमी मॅट! रंगाचं राहू द्या. आधी सोमवारचं रद्द करा.

मी इंजिनिअर नाही, बँकेतून निवृत्त झालोय. माझा अनुभव एका गाडीचा आणि मित्रांच्या दोन गाड्यांत नाक खुपसल्याचा. माझीही १९३० चीच, फेटन, म्हणजे उघड्या टपाची. त्यामुळे इथल्या जाणकारांनी चुकलं तिथे जरूर कान धरावा. गंज कसा काढायचा, नट कसे सोडवायचे, हे तुम्हाला येतंय असं फोटोंवरून दिसतं, ते सोडून देतो.

मी काय केलं ते सांगतो. उसाच्या ट्रॉल्या बनवणारा आमच्याकडचा एक कारागीर होता. हाताला अत्यंत चांगला, ट्रॉलीच्या बाबतीत आजही त्याच्याकडेच जाईन. त्याने एका दुपारात सगळे ब्रॅकेट गॅसने कापून काढले. आम्ही एकही माप घेतलं नव्हतं. मला वाटलं, भोकं तर चासीवर आहेतच, माप कशाला हवं? उजव्या बाजूला पुढे चासीला खालून तडा होता, तिथे त्याने हातभर लांब पट्टी ठेवून एका दमात सलग वेल्ड मारला. तडा बुजला, चासी दिसायला भक्कम झाली, मी पेढे वाटले. मग ब्रॅकेट नवीन बनवून अंदाजाने लावले, चासी पावडर कोट करून आणली. आरशासारखी चमकत होती.

मडगार्ड चढवायला घेतलं तेव्हा उजवीकडची भोकं पाऊण इंचाने चुकली.

इथे मी थांबायला हवं होतं. पण हेल्पर म्हणाला, "साहेब, बोल्ट आवळला की येतंय खाली." आणि आवळल्यावर खरंच आलं की खाली. फोटो काढले, घरच्यांना पाठवले. तीन महिन्यांत त्याच बोल्टपासून मडगार्डला केसासारखी चीर पडली, पावसाळा संपेपर्यंत ती बोटभर झाली. रेडिएटरही किंचित पुढे कलला होता. बॉनेट आणि मागची काउल (पुढच्या काचेखालचा पत्रा) यांच्यातली फट उजवीकडे वर करंगळी जाईल एवढी, डावीकडे पोस्टकार्डसुद्धा शिरेना.

कारण नंतर कळलं. वेल्ड थंड होताना आक्रसतो. चासीच्या खालच्या पाटीवर लांबलचक वेल्ड मारला की ती पाटी ओढली जाते आणि मोकळं टोक खाली झुकतं. माझ्या चासीच्या उजव्या बाजूच्या लांब दांड्याचं पुढचं टोक सात मिलिमीटरने खाली गेलं होतं. सात मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पण मॉडेल एमध्ये पुढचा क्रॉस मेंबर (दोन्ही दांडे जोडणारा आडवा तुकडा), त्यावर रेडिएटर, बाजूला मडगार्डचे ब्रॅकेट, आणि दोन्ही मडगार्डांना जोडणारी दिव्यांची आडवी दांडी, सगळं एकमेकांच्या गळ्यात पडलेलं असतं. ती दांडी मडगार्डातून थेट ब्रॅकेटला बोल्ट होते. एक बाजू झुकली की दुसऱ्या बाजूचा पत्राही ताणला जातो. आपण मात्र पत्रेवाल्याला शिव्या घालत बसतो.

पुढे चौदा महिने गेले. पावडर कोट जाळून काढावा लागला, पट्टी कापली, चासी पुन्हा सरळ केली. पैशाचा आकडा इथे लिहीत नाही, बायको वाचते.

तर आता क्रम. चासी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा आणि गवंड्याची पाण्याची नळी घेऊन चारही कोपरे लेव्हलला आणा. लेझर असेल तर उत्तम, पण नळी खोटं बोलत नाही. मग दोन्ही दांड्यांवरच्या सारख्याच भोकांतून ओळंबा सोडा, फरशीवर खडूने खुणा करा, चासी बाजूला करून फरशीवरच कर्ण मोजा. चासी पुढे निमुळती आहे म्हणून घाबरू नका, दोन्ही कर्ण तरीही सारखेच यायला हवेत. मी दोनतीन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घेतो, त्याच्या वर नाही. दांड्याच्या वरच्या कडेवर पुढून मागे दोरी ताणली की मधली झोळ दिसते. या गाड्या नव्वद वर्षांत इंजिनाच्या मागे झुकतातच, ते फार मनाला लावून घेऊ नका, पण किती झुकलीय ते कागदावर लिहा.

ब्रॅकेटबद्दल माझं मत ठाम आहे, कुणाला पटो न पटो: कारखान्यात जे रिव्हेटने होतं ते रिव्हेटनेच करा. रिव्हेट लाल करून ठोकला की भोक भरून काढतो आणि थंड होताना दोन्ही पत्रे घट्ट आवळतो. अंडाकृती झालेल्या भोकात बोल्ट घातला की ब्रॅकेट हलतो, आधी करकरतो आणि मग पत्रा खातो. राहिलेले जुने रिव्हेट गॅसने कापू नका. डोकं ग्राइंडरने घासा, मधोमध पंच मारा, थोड्या बारीक ड्रिलने भोक पाडा आणि ठोकून बाहेर काढा. घाई केली तर ड्रिल सरकतं आणि चासीचं भोक जातं. माझ्या मडगार्डच्या ब्रॅकेटला अडीच सुताचे (५/१६ इंची) रिव्हेट होते, तुमचे मोजून घ्या. गरम रिव्हेट मारणारे म्हातारे मिस्त्री अजून आहेत. कोल्हापुरात उद्यमनगरात, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वस्तीत, दोन दिवस फिरलात तर कुणीतरी कुणाचं तरी नाव सांगतंच. मला भेटलेले मिस्त्री कोळशाच्या भट्टीतून चिमट्याने रिव्हेट काढायचे, भोकात सोडायचे, मी मागून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा आणि ते मोजून हातोडे घालायचे. एकाही रिव्हेटला दुसऱ्यांदा हात लावला नाही. चहा मात्र दर चार रिव्हेटला.

पण ठोकण्याआधी! नवे ब्रॅकेट आधी साध्या बोल्टवर, हातानेच आवळून लावा. रेडिएटर बसवा, बॉडी तिच्या लाकडी गुटक्यांवर आणि पॅडवर ठेवा, बॉनेट, मडगार्ड, दिव्यांची दांडी, फुटबोर्ड, सगळं कच्चं चढवा. प्रत्येक बोल्ट दोन बोटांनी भोकात जायला हवा. पान्याचा जोर लावावा लागला तर कुठेतरी चूक आहे, ती शोधा. आठवडाभर गाडी तशीच, भंगारातून आणल्यासारखी उभी राहू दे. शेजारी हसतील. सगळं जुळलं की पुन्हा उतरवा, रिव्हेट मारा आणि त्यानंतर रंग. तडा असेल तर दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून, तुकड्यातुकड्याने, थंड होऊ देत वेल्ड मारायचा. वेल्डरला घाई असेल तर वेल्डर बदला.

पावडर कोटिंग मी परत केलं नाही. भोकांत थर बसतो, आणि उद्या काही दुरुस्ती निघाली तर खरवडताना जीव जातो. एपॉक्सी प्राइमर आणि वर साधा काळा इनॅमल. हे माझं मत झालं, पावडर कोटवर खूश असलेले लोकही आहेत. आणि मडगार्डच्या पत्र्याला सँडब्लास्टिंग (गंज काढायला वाळूचा मारा) करू देऊ नका, पत्रा लाटेसारखा होतो. चासीला चालेल.

आणखी एक शंका. मडगार्ड "ओळखीच्यांकडून १९२९ च्या गाडीचे" मिळाले असं तुम्ही लिहिलंय. १९२८-२९ चे आणि १९३०-३१ चे मडगार्ड वेगळे आहेत. चाकंच बघा, आधीची २१ इंची, नंतरची १९ इंची. ब्रॅकेटचा दोष नसताना ब्रॅकेट वाकवत बसाल. परदेशातून सुटे भाग मागवताना आपली गाडी उजव्या स्टीअरिंगची आहे हेही लक्षात ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच फोर्ड कॅनडाच्या कंपनीमार्फत आल्या, अमेरिकन कॅटलॉग मात्र डाव्या स्टीअरिंगचा असतो.

शेवटचं, ब्लास्टिंगच्या आधी करायचं काम: चासीचा नंबर. फोर्डने त्या काळी इंजिनाचाच नंबर चासीच्या वरच्या बाजूला, बॉडीखाली झाकला जाईल असा ठोकलाय. बॉडी उतरलीच आहे, तर तो हलक्या हाताने वायर ब्रशने साफ करा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून फोटो काढा, पेन्सिलने कागदावर छाप घ्या. तिथे ग्राइंडर अजिबात नको. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणून तड्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसकट ठेवा, म्हणजे ही दुरुस्ती आहे, बदल नाही, हे दाखवता येतं.

माझ्या गाडीचं इंजिन कधीतरी पन्नासच्या दशकात बदललेलं, त्यामुळे आरसी बुकातला नंबर एक आणि चासीवरचा दुसरा. एका कार्यालयात (नाव घेत नाही, अजून तिथे काम पडतं) खिडकीतल्या माणसाने मला सांगितलं, "गाडीचं मूळ बिल आणा." १९३० चं. मी म्हटलं, ज्यांनी घेतली ते जाऊन चाळीस वर्षं झाली. तो म्हणाला, "मग वारसांकडून आणा." वारस समोरच उभा होता! सहा फेऱ्या झाल्या, प्रत्येक वेळी नवा कागद. शेवटी काम झालं ते त्या पेन्सिलच्या छापामुळे, तोही मी गंमत म्हणून घेतला होता. तुमच्याकडे कदाचित भला माणूस भेटेल, सगळेच तसे नसतात.

कर्णाची दोन्ही मापं आणि उरलेल्या भोकांचे जवळून फोटो इथे टाका, मग ब्रॅकेटचं बघू. मडगार्ड १९३० चेच आहेत ना, तेही कळवा. तोवर त्या कोटिंगवाल्याला फोन करा आणि ट्रॉलीवाल्याचा गॅस कटर घरी पाठवून द्या.