९९८ की ११९७? पहिल्या गाडीच्या विम्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मुलाला नुकतीच १८ पूर्ण झाली, लायसन्सही हातात आलं. तीन लाखांच्या आत जुनी गाडी घ्यायची आहे. वय कमी म्हणून विमा महाग पडतो असं ऐकलंय. विम्याला स्वस्त कोणती गाडी पडेल? — एक वाचक, सांगली

वयाची भीती आधी मनातून काढा. आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याचा, हप्ता सरकार ठरवतं आणि त्यात चालकाचं वय कुठेच येत नाही, फक्त इंजिनाची सीसी पाहतात. १ जून २०२२ पासूनचे वार्षिक दर असे: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि १५०० च्या वर थेट ७,८९७. यावर १८ टक्के जीएसटी.

गोची होते ती १००० च्या उंबरठ्यावर. वॅगनआर बाहेरून एकच दिसते, पण ती ९९८ सीसीतही येते आणि ११९७ सीसीतही. म्हणून जाहिरातीतल्या नावावर न जाता आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, सीसीचा रकाना वाचा. ऑल्टो ८००, ऑल्टो के१०, ९९८ ची सेलेरिओ, क्विड या हजाराच्या आतल्या. स्विफ्ट, टियागो, ग्रँड आय१० ची १.२ लिटर पेट्रोल या वरच्या गटातल्या. जुनी सँट्रो लहान दिसते, पण १०८६ सीसी, म्हणजे तिला स्विफ्टइतकाच थर्ड पार्टी हप्ता.

दुसरा भाग ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो आयडीव्हीवर, म्हणजे गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीवर, टक्केवारीने लागतो. जुन्या दरपत्रकात सांगलीत नोंद असलेल्या, ५ ते १० वर्षं वयाच्या गाडीला हजार सीसीपर्यंत ३.१९१ टक्के आणि पुढे १५०० पर्यंत ३.३५१ टक्के असा दर आहे. आता कंपन्या यावर आपापली सूट देतात, पण अंदाज बांधायला हे आकडे पुरतात. आयडीव्ही २,४०,००० धरली तर लहान इंजिनाला ७,६५८ आणि मोठ्याला ८,०४२. दोन्ही भाग मिळून, जीएसटीसकट, मोठ्या इंजिनाचा वर्षाला फरक सुमारे दोन हजार रुपये. तीच ९९८ ची गाडी पुण्यात नोंदलेली असेल तर दर ३.२८३ टक्के, कारण पुणे-मुंबई वरच्या झोनमध्ये येतात. पण हा फरक जेमतेम सव्वादोनशे रुपयांचा. तेवढ्यासाठी जिल्हे पालथे घालू नका.

आमचं मत विचाराल तर त्या दोन हजारांसाठी चांगली गाडी सोडू नये. जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाडीत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, एबीएसही (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) त्याआधीच एप्रिलमध्ये सक्तीचं झालं होतं. नवशिक्याच्या हातात द्यायची गाडी या तारखेच्या अलीकडची असावी, मग ती ११९७ ची का असेना.

आणि एक. हप्ता कमी दिसावा म्हणून एजंट आयडीव्ही खाली आणतात. वरच्याच ९९८ च्या गाडीची २,४०,००० ची १,५०,००० केली की २,८७२ रुपये वाचतात. पण गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेल्याने ती टोटल लॉस ठरली, तर हातात दीड लाखाच्याच हिशोबाने पडतात. कोटेशन ताडताना आधी आयडीव्ही सारखी करून घ्या, मग हप्ते बघा.

विकणारा म्हणतो, 'विमा अजून आठ महिने आहे, ५० टक्के नो क्लेम बोनसही आहे, सगळं गाडीबरोबर येईल.' खरं का? — नाशिक

अर्धंच. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर तुमच्याकडे येतं. ओन डॅमेज आपोआप येत नाही. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते. सोबत आरटीओच्या मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. गाडीवर कर्ज होतं का ते आरसीवर बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट, तर गाडीचा नसतोच, माणसाचा असतो. विकणारा तो आपल्या पुढच्या गाडीला लावू शकतो, तुम्हाला देऊ शकत नाही. पॉलिसी नावावर करताना उरलेल्या आठ महिन्यांच्या हिशोबाने ती सूट कंपनी तुमच्याकडून वसूल करते. सौदा करताना एवढी रक्कम धरूनच बोला.

नेहमी फसते ती गोष्ट अशी: आरसीवर नवं नाव, पॉलिसीवर जुनं. वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. मग गाडी ठोकली जाते, नुकसान तपासणारा सर्व्हेअर दोन्ही कागद शेजारी ठेवतो आणि ओन डॅमेजचा क्लेम तिथेच अडकतो.

पॉलिसी संपलेली असेल तर कंपनी गाडीची तपासणी मागते: चारी बाजूंचे फोटो, चॅसी नंबर, किलोमीटरचा आकडा. ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका. विनाविमा पहिल्यांदा सापडलात तर दंड २,००० रुपये, पुन्हा सापडलात तर ४,०००, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. अपघात झाला तर भरपाई खिशातून, ती मात्र लाखांत.

गाडी माझ्या नावावर ठेवू की मुलीच्या? चालवणार तीच. — कोल्हापूर

हप्त्यात म्हणावा असा फरक पडत नाही. वैध लायसन्स असलेला कुणीही तुमची गाडी चालवत असेल तरी पॉलिसी लागू असते. फरक पडतो तो अपघात विम्यात. पॉलिसीतलं सक्तीचं १५ लाखांचं 'ओनर-ड्रायव्हर' कव्हर फक्त त्यालाच मिळतं, ज्याचं नाव आरसीवर आणि पॉलिसीवर आहे आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणारी मुलगी असेल, तर त्या १५ लाखांतला एक रुपयाही तिच्यासाठी नाही. म्हणून एक तर गाडी तिच्या नावावर करा, नाहीतर तिच्यासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढा.

तुमच्याकडे जुन्या गाडीचा ५० टक्के बोनस साठलेला असेल तर मात्र गणित बदलतं. तो तुमच्याच नावावरच्या गाडीला लागेल, मुलीच्या नाही. अशा वेळी गाडी तुमच्या नावावर आणि अपघात विमा तिच्या, हे बरं पडतं.

रिव्हर्स घेताना खांबाला लागून मागचा बंपर फुटला. गॅरेजवाला १०,५०० सांगतो. क्लेम टाकू का? गाडी सात वर्षांची, यंदाचा बोनस ३५ टक्के. — ठाणे

बिल फोडून बघू. समजा बंपर ५,०००, पेंटिंग ४,०००, मजुरी १,५००. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे २,५०० तुमचे. पेंटिंगच्या एकत्रित बिलात २५ टक्के माल धरतात आणि त्या मालावर निम्मा घसारा, म्हणजे ५०० तुमचे. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,०००. तुम्ही ४,००० भरणार, कंपनी ६,५००.

आता दुसरी बाजू. क्लेम नसता तर पुढच्या तीन वर्षांत बोनस ४५, ५०, ५० टक्के झाला असता. क्लेम घेतल्यावर तो शून्य, २०, २५ होतो. बोनसआधीचा ओन डॅमेज हप्ता ६,००० धरला तर तीन वर्षांत २,७०० अधिक १,८०० अधिक १,५००, असे ६,००० जातात. जीएसटी धरून ७,०८०. म्हणजे मिळाले ६,५०० आणि गेले त्याहून जास्त. खिशातून भरा. किंवा फाटलेला बंपर प्लॅस्टिक वेल्डिंगने सांधून मिळतो का ते विचारा, नवशिक्याच्या गाडीला तेवढं पुरतं.

लर्निंगवर असताना अपघात झाला तर विमा मिळतो का? — लातूर

मिळतो, पण शेजारी त्या प्रकारच्या गाडीचं पक्कं लायसन्स असलेला, गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेला माणूस हवा आणि गाडीवर पुढे-मागे लाल 'एल' हवा. एकट्याने चालवली की कंपनीला हात वर करायला कारण मिळालं. १८ च्या आतल्या मुलाच्या हातात किल्ली दिलीत तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द.

गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलंय. विम्याला सांगावं लागतं का? — पुणे

लागतं. आधी आरसीवर नोंद, मग पॉलिसीवर. जुन्या दरपत्रकानुसार किटच्या किमतीच्या ४ टक्के ओन डॅमेजमध्ये आणि ६० रुपये थर्ड पार्टीत वाढतात. इतक्या थोडक्यासाठी लपवाछपवी कशाला?

आम्ही लंडनजवळ हॅरोला असतो. मुलगी १७ ची, गाडी शिकतेय. विम्याचे आकडे बघून डोळे पांढरे झाले. पॉलिसी माझ्या नावावर घेऊन तिला दुसरी चालक दाखवू का? — हॅरो, ब्रिटन

भारतातला हिशोब तिथे उलटा होतो. ब्रिटनमध्ये कंपनी आधी चालक पाहते, मग गाडी. १७ व्या वर्षी म्हणूनच सगळ्यात जास्त मोजावे लागतात.

गाडी मुख्यतः तीच चालवणार असेल तर तुम्हाला मुख्य चालक दाखवणं याला तिथे 'फ्रंटिंग' म्हणतात आणि ती फसवणूक धरली जाते. पॉलिसी रद्द होऊ शकते, क्लेम नाकारला जाऊ शकतो आणि पुढे प्रत्येक अर्जात ते सांगावं लागतं. उलटं करा: मुख्य चालक ती, जोडीला चालक म्हणून तुम्ही. तुमची वर्षानुवर्षं विनाअपघात गेली असतील तर यानेच बऱ्याचदा हप्ता उतरतो, आणि हे पूर्ण कायदेशीर आहे.

जुन्या गाड्यांचे तिथे १ ते ५० असे विमा-गट आहेत. फोक्सवॅगन अप किंवा स्कोडा सिटिगोची लहान १.० लिटर मॉडेलं अगदी खालच्या गटात बसतात. पण नुसत्या नावावर जाऊ नका, गाडीचा नंबर टाकून कोटेशन काढा. एकाच गाडीचं जास्त ताकदीचं मॉडेल कितीतरी गट वर असतं. ब्लॅक बॉक्स लावायची तयारी ठेवा; हे गाडीतलं यंत्र चालवण्याची पद्धत कंपनीला कळवतं, ब्रेक, वेग आणि वेळ मोजतं. फक्त थर्ड पार्टी म्हणजे स्वस्त असंही समजू नका. तिथे ती कधीकधी कॉम्प्रिहेन्सिव्हपेक्षा (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरणाऱ्या पॉलिसीपेक्षा) महाग निघते, दोन्ही कोटेशन काढून बघा. कोटेशन शेवटच्या दिवसावर न ठेवता तीन-चार आठवडे आधी घ्या. 'ऐच्छिक एक्सेस', म्हणजे क्लेममधली स्वतःहून स्वीकारलेली खिशातून भरायची रक्कम, वाढवला की हप्ता कमी दिसतो, पण तेवढी रक्कम अपघाताच्या दिवशी हाताशी असायला हवी.

विम्याशिवाय चालवताना पकडली गेली तर ३०० पौंड आणि ६ पेनल्टी पॉइंट. पक्कं लायसन्स मिळाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स जातं आणि लेखी परीक्षेपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.