क्रमवारी घसरते तेव्हा : टेनिसपटूच्या चढ-उतारांवर वाचकांचे प्रश्न

अलीकडे आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. आवडता खेळाडू शिखरावर असतो आणि पाहता पाहता दिसेनासा होतो, हे नेमकं कसं घडतं? त्यांतले काही प्रश्न इथे घेतो.

प्रश्न : ग्रँड स्लॅम (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकलेली खेळाडू वर्षभरात क्रमवारीत एकदम खाली येते. मधल्या काळात ती बऱ्यापैकी सामने जिंकतही असते. मग एवढी घसरण कशी?

कारण क्रमवारीला फक्त गेले 52 आठवडे आठवतात. स्पर्धेत मिळालेले गुण वर्षभर खात्यात राहतात आणि पुढच्या वर्षी तीच स्पर्धा आली की गळून पडतात. तेवढी मजल पुन्हा मारली तरच खातं जसंच्या तसं राहतं. ग्रँड स्लॅम विजेतीला 2,000 गुण मिळतात, त्यामुळे एकाच स्पर्धेवर अख्खं वर्ष उभं राहू शकतं.

एमा राडुकानू 2021 ची यूएस ओपन 150 व्या क्रमांकावरून, पात्रता फेऱ्या (मुख्य स्पर्धेत जागा मिळवण्यासाठी आधी होणारे सामने) खेळून जिंकली. दहा सामने, आणि एकही सेट गमावला नाही. पुढच्या वर्षी तिथेच पहिल्या फेरीत आलिझे कॉर्नेने तिला हरवलं आणि ती 11 व्या क्रमांकावरून थेट 83 व्या क्रमांकावर आली. एका सामन्यात तिचा खेळ सत्तर पायऱ्या खाली उतरला नव्हता. आदल्या वर्षीच्या त्या पंधरवड्याचे गुण तेवढे गेले होते. म्हणून खेळाडूचा क्रमांक पाहिला की मी आधी हे बघतो, की गुण किती स्पर्धांतून आले आहेत. सात-आठ ठिकाणी उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्याचा विसावा क्रमांक आणि एकदाच विजेता ठरलेल्याचा विसावा क्रमांक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घसरणीचा खरा फटका मात्र पुढे बसतो. ग्रँड स्लॅममध्ये 32 खेळाडूंना मानांकन, म्हणजे क्रमवारीनुसार सोडतीत राखून ठेवलेलं वेगळं स्थान, असतं आणि त्यांची आपसांत गाठ तिसऱ्या फेरीआधी पडत नाही. मानांकन गेलं की पहिल्याच दिवशी समोर अव्वल खेळाडू येऊ शकतो. शंभराच्या बरंच बाहेर गेलं तर पात्रता फेऱ्यांपासून सुरुवात. म्हणजे परत वर चढायची वाटच अवघड होऊन बसते.

प्रश्न : माझा आवडता खेळाडू सलग पहिल्या फेरीत हरतो आहे. त्याने प्रशिक्षक बदलावा का? आणि एकेकाळच्या विजेत्याने छोट्या स्पर्धा खेळणं कमीपणाचं नाही का?

रॉजर फेडररने 2024 मध्ये एका पदवीदान समारंभात स्वतःची आकडेवारी सांगितली होती. कारकिर्दीत एकेरीचे 1,526 सामने, त्यांतले जवळजवळ 80 टक्के जिंकले. पण एकूण पॉइंट्सपैकी जिंकले फक्त 54 टक्के. आजवरच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक शंभरातले 46 पॉइंट गमावत होता! याचा अर्थ असा, की जगज्जेता आणि पहिल्या फेरीत हरणारा यांच्यात शंभरामागे मोजक्याच पॉइंट्सचं अंतर असतं.

ते मोजके पॉइंट जातात कुठे? बहुतेक वेळा पहिली सर्व्हिस चुकल्यावरच्या दुसऱ्या सर्व्हिसवर आणि ब्रेक पॉइंटवर, म्हणजे सर्व्हिस करणारा तो गेम गमावण्याच्या बेतात असतो तेव्हा. मनात शंका शिरली की हात आखडतो. चेंडू बेसलाइनपाशी पडायचा तो कोर्टाच्या मध्यावर पडतो आणि प्रतिस्पर्धी पुढे येऊन झोडपतो. मग खेळाडू एकदम जोखीम घेऊ लागतो आणि चुका वाढतात. बाहेरून वाटतं याचं सगळंच बिघडलंय. प्रत्यक्षात फटके तेच असतात, घाईच्या क्षणी निवड चुकत असते.

अमेरिकेचा व्हिन्स स्पेडिया 1999 मध्ये पहिल्या विसांत होता. त्याच वर्षाच्या शेवटी हरायला लागला तो सलग 21 सामने हरला. ही साखळी तुटली 2000 च्या विम्बल्डनला, ग्रेग रुसेडस्कीविरुद्ध, पाचव्या सेटमध्ये 9-7 अशी. त्यानंतरही लगेच काही पालटलं नाही, पण 2004 मध्ये त्याने कारकिर्दीतलं पहिलं एटीपी (पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक टूरचं) विजेतेपद मिळवलं आणि 2005 मध्ये, तिशीत, तो 18 व्या क्रमांकावर, म्हणजे आयुष्यातल्या सर्वोच्च स्थानावर पोहोचला.

प्रशिक्षकाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पराभवांच्या साखळीत असताना ग्रिप, सर्व्हिस आणि माणूस असं सगळं एकदम बदलू नये. त्यापेक्षा एक पायरी खाली उतरून सामने जिंकण्याची सवय परत लावावी. आंद्रे आगासी 1995 मध्ये अव्वल होता, नोव्हेंबर 1997 मध्ये 141 वा. तेव्हा तो लास व्हेगासच्या चॅलेंजर, म्हणजे मुख्य टूरच्या एक पायरी खालच्या, स्पर्धेत उतरला आणि तिथे अंतिम फेरीत हरला. मग बरबँकची चॅलेंजर जिंकला. 1998 संपताना तो सहावा होता आणि 1999 मध्ये अंतिम सामन्यात दोन सेटने पिछाडीवरून फ्रेंच ओपन जिंकून पुन्हा अव्वल झाला. यात कमीपणा कसला? त्या रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळायला उतरणं ही मला त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात धाडसी गोष्ट वाटते.

प्रश्न : मोठ्या दुखापतीनंतर वर्षभराने परतणाऱ्याला जुनं स्थान मिळतं का?

अर्धवट. पुरुषांच्या टूरवर निदान सहा महिने बाहेर राहिलेला खेळाडू संरक्षित क्रमवारी मागू शकतो. दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या स्थानांची सरासरी धरली जाते आणि ठरावीक स्पर्धांमध्ये तेवढ्यावर प्रवेश मिळतो. मानांकन मात्र मिळत नाही. दार उघडतं, पण आत समोर कोण उभं असेल ते नशिबावर.

नियमापेक्षा शरीर जास्त अवघड. हुआन मार्टिन डेल पोत्रोने विशीत, 2009 मध्ये, फेडररला हरवून यूएस ओपन जिंकली. पुढे आधी उजवं मनगट, मग डावं. डाव्यावर तर तीन शस्त्रक्रिया. 2016 मध्ये तो परतला तेव्हा क्रमवारीत हजाराच्याही बाहेर होता. दोन हातांच्या बॅकहँडमध्ये जोर देता येईना, म्हणून एका हाताने स्लाइस करत, म्हणजे चेंडू खालून कापत, तो खेळत राहिला. त्याच वर्षी रिओ ऑलिम्पिकच्या पहिल्याच फेरीत त्याने जोकोविचला हरवलं आणि रौप्यपदक नेलं. 2018 मध्ये जगात तिसरा आणि यूएस ओपनचा उपविजेता. मग गुडघा गेला, आणि त्या गुडघ्याने त्याची कारकीर्द संपवली. इतक्या वेळा उभ्या राहिलेल्या माणसाला शेवटी शरीरानेच थांबवावं, याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रश्न : सगळं मिळवल्यावर काही खेळाडू हरवल्यासारखे का दिसतात?

ज्या एका ध्येयासाठी पंधरा वर्षं घालवली ते पूर्ण झालं की सरावाला उठायचं कारणच संपतं, म्हणून. डॉमिनिक थीमने 2020 ची यूएस ओपन दोन सेटने पिछाडीवरून जिंकली. त्यानंतर आपली उमेद ओसरली हे त्याने उघड सांगितलं. 2021 मध्ये मनगट दुखावलं, पहिला जोर परत आला नाही आणि 2024 मध्ये, वयाच्या 31 व्या वर्षी, त्याने रॅकेट ठेवली. उलट अ‍ॅश बार्टी मार्च 2022 मध्ये, अव्वल असतानाच, 25 व्या वर्षी निवृत्त झाली. तिच्या निर्णयाला पळ काढणं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आपल्याला आता आणखी काही नको, हे ओळखायलाही ताकद लागते.

प्रश्न : एकेरी सोडून दुहेरीकडे वळणं म्हणजे हार मानणं का?

मुळीच नाही. सानिया मिर्झा 2007 मध्ये एकेरीत 27 वी होती. मनगट आणि गुडघे साथ देईनात, तेव्हा तिने दुहेरीवर लक्ष दिलं आणि 2015 मध्ये ती दुहेरीत जगात अव्वल झाली. रोहन बोपण्णा तर जानेवारी 2024 मध्ये, वयाच्या 43 व्या वर्षी, दुहेरीत पहिल्यांदा अव्वल स्थानावर गेला. नेटजवळचा खेळ आणि रिटर्न हे त्यात स्वतंत्र कौशल्य आहे.

प्रश्न : मुलगी 15 वर्षांची आहे, ज्युनियर गटात छान जिंकते. तिची शाळा सोडवून पूर्णवेळ टेनिस करावं का?

माझा सल्ला, नको. जेनिफर कॅप्रियाती 1990 मध्ये चौदावं पूर्ण व्हायच्या आधी व्यावसायिक झाली आणि त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचली. 1992 मध्ये स्टेफी ग्राफला हरवून ऑलिम्पिक सुवर्ण. 1993 नंतर ती दमून खेळापासून दूर गेली. पुढे 2001 मध्ये ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच ओपन जिंकून अव्वल झाली खरी, पण मधली वर्षं कोणी परत दिली नाहीत. 18 वर्षांखालील मुलींनी किती स्पर्धा खेळाव्यात यावर महिला टूरने 1990 च्या दशकात मर्यादा घातली, त्यामागे असेच अनुभव होते.

पैशाचंही नीट बघा. सर्वांत खालच्या पायरीवरच्या स्पर्धेत साऱ्या खेळाडूंना मिळून 15,000 डॉलर असतात. त्यातून प्रवास, मुक्काम आणि प्रशिक्षकाचा खर्च जवळजवळ कोणाचाच निघत नाही. ही वर्षं घरच्या खिशातून काढावी लागतात आणि ती किती, हे आधी ठरवून ठेवायला हवं.

वाट फक्त एकच नाही. डॅनिएल कॉलिन्सने अमेरिकेत विद्यापीठाचं शिक्षण पूर्ण केलं, तिथलं आंतरविद्यापीठ एकेरीचं विजेतेपद 2014 आणि 2016 मध्ये जिंकलं आणि त्यानंतरच ती पूर्णवेळ टूरवर आली. 2022 मध्ये ती ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत खेळली आणि 2024 मध्ये बिगरमानांकित असताना मायामीची स्पर्धा जिंकली. तेव्हा ती तीस वर्षांची होती.