वाचकांचे प्रश्न : जुना स्टिरिओ रिसीव्हर घेताना

प्रश्न : बजेट पंधरा हजार. टर्नटेबल आणि ८ ओहमचे दोन स्पीकर घरात आहेत. बाजारात सत्तरच्या दशकातले पायोनियर, मरांट्झ, सान्सुईचे रिसीव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत) दिसतात. विक्रेता ‘रनिंग कंडिशन’ म्हणतो. नेमकं काय तपासावं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पंधरातले दहाच विक्रेत्याला द्या, पाच दुरुस्तीला राखून ठेवा. नावापेक्षा पहिला प्रश्न हा, की बिघडलं तर काय मिळेल आणि काय मिळणार नाही. डायलचे दिवे, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, रिले (स्पीकर आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) हे सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतं. पॉवर ट्रान्सफॉर्मर, डायलची काच आणि मूळ नॉब मिळत नाहीत. त्यात खोट असेल तर सेट कितीही देखणा असो, सोडून द्या. पायोनियरच्या एसएक्स-७८०मध्ये दोन्ही चॅनेलना (डाव्या-उजव्या बाजूंना) एसटीके-००५० हे अँप्लिफायरचे तयार बंद पॅक आहेत. ते उडाले तर बाजारात नकलीच फार, म्हणून हा सेट वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

वॅटच्या मागे लागू नका. एसएक्स-४५० चॅनेलला १५ वॅटचा, मरांट्झ २२२०बी २० वॅटचा. बारा बाय बाराच्या खोलीला एवढं पुरतं. अमेरिकेत १९७४ साली वॅट मोजण्याचा कडक नियम आला, त्यामुळे त्यानंतर तिथे विकलेल्या सेटवरचा आकडा सलग मिळणाऱ्या शक्तीचा असतो. पीएमपीओच्या (क्षणभराच्या कमाल शक्तीच्या जाहिरातीतल्या आकड्याच्या) हजारांशी त्याची तुलनाच नको.

जाताना मल्टिमीटर, हेडफोन, मोबाइलला लावायची आरसीए केबल आणि १०० वॅटच्या फिलामेंट बल्बचा सिरीज बोर्ड (ज्यात सेटची वीज बल्बमधूनच जाते) न्या. आधी सेटमागची माहितीची पट्टी वाचा : व्होल्टेज सिलेक्टर २२० किंवा २४०वर आहे का? मग फ्यूज काढून बघा. त्याला चांदीचा कागद (फॉइल) किंवा तार गुंडाळलेली दिसली, तर आधीच्या मालकाने दोष झाकलाय. सेट सिरीज बोर्डवर लावा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा.

बल्ब मंदावला तर सेट थेट प्लगवर घ्या. रिले असलेल्या सेटमध्ये काही सेकंदांत ‘टक्’ असा आवाज यायला हवा. स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून, दोन्ही बाजूंच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी (एकाच दिशेचा व्होल्टेज, जो तिथे जवळजवळ नसावा) मोजा. ५० मिलिव्होल्टपर्यंत चालेल. १००च्या वर गेला तर आत दोष आहे, स्पीकर जोडूच नका; डीसी बराच वाढला तर स्पीकरची कॉइल जळू शकते.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते ती बहुधा धुळीची. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-तीस वेळा फिरवला की जाते. गंज काढायचा साधा तेलकट स्प्रे मात्र आत मारू नका, ट्रॅकवर चिकट थर बसतो. आवाजच नसेल तर घाईने ‘डेड’ ठरवू नका. टेप मॉनिटरचं (टेपरेकॉर्डरचा आवाज ऐकायचं) बटण दाबलेलं असतं, किंवा मागे प्री-आउट आणि मेन-इन (अँप्लिफायरच्या दोन टप्प्यांमधली सॉकेटं) जोडणारी छोटी धातूची पट्टी हरवलेली असते. सेट अर्धा तास वाजू द्या आणि दोन्ही बाजूंच्या हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांना) हात लावा. एकच बाजू चटका देत असेल तर बायस (ट्रान्झिस्टरमधून कायम वाहणाऱ्या थोड्या करंटची जुळणी) किंवा ट्रान्झिस्टर बिघडलाय. तुमच्याकडे टर्नटेबल आहे, म्हणून फोनो (टर्नटेबलचं) इनपुट रेकॉर्ड लावूनच ऐका. ऑक्स (मोबाइलसारख्या साध्या उपकरणांचं इनपुट) चालला म्हणजे फोनो चालेलच असं नाही.

प्रश्न : नातेवाईक जपानमधून जुना रिसीव्हर आणणार आहेत. चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : फोनो आणि ऑक्ससाठी चालेल, रेडिओसाठी नाही. जपानमधल्या जुन्या सेटचा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, आपला ८८ ते १०८. शिवाय तो सेट १०० व्होल्टचा. बाजारातला नेहमीचा स्टेप-डाउन ११० देतो, म्हणजे दहा टक्के जास्त, आणि सेट कायम तापत राहतो. २३० ते १०० असा ट्रान्सफॉर्मर बनवून घ्या. सेटच्या पट्टीवर जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या दीडपट क्षमतेचा. अमेरिकन सेटवर फक्त ‘६० हर्ट्झ’ लिहिलं असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर त्याचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, गुणगुणतो. तो टाळा.

प्रश्न : रिसीव्हरच्या ए आणि बी (स्पीकरच्या दोन जोड्यांच्या जागा) दोन्हींवर ४ ओहमचे स्पीकर लावले तर? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बहुतेक सेटमध्ये दोन्ही जोड्या समांतर जातात, म्हणजे भार २ ओहमवर येतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतात. एका वेळी एकच जोडी लावा, आणि त्याआधी तुमच्या सेटला ४ ओहम चालतात का, हे मागच्या पट्टीवर वाचा.