सांताचा ड्रेस घालून १० किमी पळणं जमतं का?
जमतं की, मागल्या नाताळात पळालोय मी. पळण्याचं काही नाही हो, त्या ड्रेसचंच लफडं आहे. संभाजीनगरात डिसेंबरला पहाटे चांगलाच गारठा असतो म्हणून स्टार्टला लाल कोट बरा वाटतो, पण दोन किमी झाले की आत नुसती भट्टी, पॉलिस्टर घाम शोषत नाही आन् काखा, मांड्या घासून सोलून निघतात, म्हणून आतून ड्रायफिट टीशर्ट घाला, व्हॅसलीन तर लावाच. दाढी हनुवटीखाली ओढून ठेवा, तोंडात कापूस जातो राव. आधी एकदा ५ किमीची ट्रायल घ्या (आमच्या गल्लीत कुत्री मागं लागली ते वेगळं). टायमिंग मात्र विसरा, लेकरं सेल्फीला थांबवतातच.