चौतीस फुटी मोटरहोम, तेही ४०१(के) मोडून?

नमस्कार.

इतर वाचकांसाठी तुमच्या पत्राचा गोषवारा देतो. तुम्ही ६८ वर्षांचे, वहिनी ६६, मुक्काम न्यू जर्सी, घराचं कर्ज फिटलेलं, वर्षाचं उत्पन्न सगळं धरून ९० हजार डॉलरच्या आसपास. उन्हाळ्यात अमेरिका पालथी घालायची, थंडीत नेहमीप्रमाणे तीन महिने पुण्याला जायचं. त्यासाठी १,६०,००० डॉलरचं नवं, पेट्रोलवर चालणारं ३४ फुटी क्लास ए (म्हणजे बससारखं) मोटरहोम तुमच्या मनात भरलंय आणि पैसे ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीबचतीच्या खात्यातून, एकरकमी काढायचे आहेत. वहिनींची अट एकच: चालवायला सुखाचं हवं.

मोटरहोम जरूर घ्या. हे घेऊ नका, आणि असे पैसे काढून तर नकोच.

आधी वहिनींची अट. या प्रकारातली गाडी बहुधा फोर्डच्या एफ-५३ चासीवर (इंजिन-चाकांसह सांगाड्यावर) बांधलेली असते. चासी दणकट आहे, पण जात मालवाहू गाडीची. पुढेमागे पाट्यांचं सस्पेन्शन, इंजिन दोन सीटांच्या मधोमध. चढावर ते ओरडायला लागलं की शेजाऱ्याशी बोलणं संपलं. बाजूने ट्रक गेला की गाडी आधी ढकलली जाते, मग ओढली जाते. म्हणून लोक पुढे गाडीचं झुलणं आणि स्टिअरिंगचं ओढणं कमी करणारे स्वे बार आणि स्टिअरिंग स्टॅबिलायझर बसवत बसतात; तो खर्च शोरूमच्या किमतीत नसतो. त्यातही व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, बघावाच लागतो. ढोबळ नियम असा की व्हीलबेस गाडीच्या लांबीच्या ५५ टक्क्यांच्या आसपास हवा. ३४ फूट म्हणजे ४०८ इंच. २२८ इंची व्हीलबेसवर ५६ टक्के भरतात, २०८ इंचीवर ५१. आतलं किचन तेच, पण दुसरी गाडी वाऱ्यात भरकटते. डीझेल पुशरमध्ये इंजिन मागे आणि सस्पेन्शन हवेवरचं असतं, ती खरोखर सुखाची. पण ती तुमच्या बजेटबाहेरची आहे, आणि तिचा देखभालखर्चही ट्रकसारखाच.

तुम्ही लिहिता, ‘ही सिएनाच (आमची मिनीव्हॅन) चालवते, मोठी गाडी मी चालवीन.’ म्हणजे सिएटलपर्यंत एकटाच चालक. माझ्या मते गाडी निवडायची कसोटी हीच: जी दोघांना चालवता येईल ती. फोर्ड ट्रान्झिट चासीवरचं २४-२५ फुटी क्लास सी, म्हणजे व्हॅनच्या केबिनमागे घर बांधलेलं मोटरहोम, बघा. व्हॅनसारखं चालतं, २०२० पासून चारही चाकांना ओढ देणारा पर्यायही मिळतो. तीन-चार वर्षं वापरलेलं घेतलंत तर निम्म्या बजेटात बसू शकेल, कारण नव्या मोटरहोमची मोठी घसरण पहिल्या मालकाच्याच माथी पडते. फोर्डच्याच ई-४५० चासीवरचं क्लास सी जास्त वजन पेलतं, पण इंजिनाचं कव्हर पायांपाशी घुसतं. वहिनींना तिथे अर्धा तास बसवून बघा.

ट्रान्झिटची उणी बाजू वजनाची. दाराजवळच्या पिवळ्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते लिहिलेलं असतं, आणि टाकीतलं पाणीही सामानातच धरायचं: ३० गॅलन म्हणजे अडीचशे पौंड. तांदळाची पोती आणि दोन कुकर नेण्याची आपली सवय लक्षात घेऊनच आकडा वाचा.

आता पैसा. १,६०,००० हातात पडायला फेडरल कर धरून ४०१(के)मधून सुमारे दोन लाख काढावे लागतील, कारण बरीचशी रक्कम कराच्या २२ आणि २४ टक्क्यांच्या टप्प्यांत जाते. शिवाय न्यू जर्सीची पेन्शनवरची करसवलत दीड लाखाच्या वरच्या उत्पन्नाला अजिबात मिळत नाही. मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावरून ठरतो. २०२५ साठी जोडप्याची जादा हप्त्याची पहिली पायरी २,१२,००० डॉलरची होती आणि ती एका डॉलरने ओलांडली तरी दोघांचाही हप्ता वाढतो. वर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर, म्हणजे आणखी साडेदहा हजार.

कर्ज घेतलं तर व्याजावर सवलत मिळेल, असं डीलरने सांगितलंय. झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असली की मोटरहोम दुसरं घर ठरू शकतं, हे खरं. पण ही वजावट खर्चांची यादी दाखवणाऱ्यांनाच मिळते. तुम्हा दोघांची २०२५ ची स्टँडर्ड वजावटच (यादी न दाखवता सरसकट मिळणारी) ३४,७०० डॉलर होती. तुमचा मालमत्ता कर आणि हे व्याज मिळूनही तिथवर पोचत नाही.

पुण्यातले तीन महिने गाडी उभी राहणार. जागेचं भाडं, विमा, पाइप गोठू नयेत म्हणून विंटरायझिंग, हे चालूच. टायर तर न चालवताही वयानेच बाद होतात. चोवीस फुटीला हे सगळं स्वस्त पडतं.

तेव्हा आधी दहा दिवस तशीच गाडी भाड्याने घ्या, निम्मं अंतर वहिनींनी चालवायचं, त्यातही एक दिवस वाऱ्याचा. जमलं तर ८० हजारांपर्यंतचं वापरलेलं शोधा. विकत घेण्याआधी त्रयस्थ तपासनीसाकडून तपासून घ्या. त्यासाठी ४०१(के)मधून निम्मे पैसे डिसेंबरात आणि उरलेले जानेवारीत काढा. दोन्ही वर्षांचं उत्पन्न दीड लाखाच्या आत राहील.