पवना धरणात होडी आणि गळ: जाण्याआधी काय पाहावे?

दोन लहान मुलांसह हिवाळ्यात पवनेच्या काठी राहायला जाताना हवा भरायची होडी आणि गळ बरोबर न्यावेत का, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे तिथे गळ टाकायला जातो. होडी घरीच ठेवा आणि गळ अवश्य न्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

पवनेला आपण ‘लेक’ म्हणत असलो तरी ते तळे नसून धरण आहे. तुंग, तिकोना आणि लोहगड यांच्या पायथ्याची शेतजमीन तिथे पाण्याखाली गेलेली आहे. त्यामुळे काठाशी गुडघाभर असलेले पाणी जुना बांध संपताच एकदम डोक्यावर जाते, आणि गाळात पाय रुतला तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तो सोडवणे अवघड होते. पावसाळ्यानंतर पातळी उतरत जाते, म्हणून मागच्या खेपेचा ओळखीचा काठही नवखाच समजावा.

हवेची होडी हलकी असल्याने वारा सुटला की वल्ह्यांना दाद देत नाही. शिवाय धरणात खाजगी होडी घालायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. परवानगी असलेल्या नावेत बसणार असाल तर लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचे आहे का, ते स्वतः तपासा: सगळे पट्टे आवळून जॅकेट दोन्ही खांद्यांशी धरून वर ओढा; ते हनुवटीच्या वर सरकले, तर पाण्यातही तसेच सरकेल. नाव उलटलीच तर काठ जवळ दिसला तरी पोहत सुटू नये, नावेलाच धरून राहावे.

धरणातल्या मासेमारीचा ठेका सहसा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा गळ टाकण्यापूर्वी गावात विचारून घ्या. तुटलेला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, मात्र एक वीतभरही मागे सोडू नका. एकदा मला काठावर एक बगळा फडफडताना दिसला. त्याच्या पायाला तंगुसाचे इतके वेढे बसले होते की कातडी चिरून पाय सुजला होता. पंचा टाकून त्याला धरले आणि नखे कापायच्या कात्रीने एकेक वेढा कापला. तेव्हापासून माझ्या पिशवीत तंगुसाच्या तुकड्यांसाठी झाकणाची डबी असते.

हेच पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तिथून उचलून पिंपरी-चिंचवडला पिण्यासाठी पुरवले जाते, म्हणून भांडी काठावर साबणाने घासू नयेत. घरच्या टाकीतले मासेही तिथे सोडू नयेत. उजनी धरणात शिरलेल्या सकर या टाकीत पाळल्या जाणाऱ्या माशाचा त्रास तिथले मच्छीमार आजही सोसत आहेत.

मुलांच्या हाती गळ देण्यापूर्वी त्याचा उलटा काटा पकडीने चेपून टाका. मग तो माशाच्या तोंडातून अलगद निघतो, आणि चुकून बोटात रुतला तरी तसाच सहज बाहेर येतो.