घुंगराच्या मापाचं सोनं

प्रश्न : मुलीच्या पुस्तकात लिहिलंय की कोलंबसनं कॅरिबियन बेटांवरच्या टायनो लोकांना काचेचे मणी आणि घुंगरं दिली आणि बदल्यात सोनं घेतलं. इतके भोळे होते का ते लोक?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बत्तीस वर्षं मी वर्गात हेच शिकवलं, तेव्हा पहिला कान माझाच पिळा. मुलं फिदीफिदी हसायची, मीही हसायचे.

२५ डिसेंबर १४९२. कोलंबसचं ‘सांता मारिया’ जहाज आजच्या हैतीच्या उत्तर किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं. तिथला टायनो मुखिया ग्वाकानागारी यानं आपल्या होड्या लावून सगळं सामान उतरवून दिलं. नाडीचं टोकसुद्धा हरवलं नाही, असं कोलंबसच्याच रोजनिशीत आहे. दुसऱ्या दिवशी एक होडी आली. कोलंबसच्या दुसऱ्या जहाजाला लागायच्या आधीच माणसं सोन्याचे तुकडे उंचावून ‘चुक, चुक’ ओरडत होती. म्हणजे घुंगरू द्या! शिकारी ससाण्याच्या पायात बांधायची ती छोटी घुंगरं.

आता त्यांच्या बाजूनं बघा. सोनं त्यांच्या नद्यांच्या वाळूत सापडायचं. पितळ मात्र त्या बेटांवर कुणाला करताच येत नव्हतं. पितळेला ते ‘तुरे’ म्हणत, म्हणजे आकाश. हुंगूनही बघत. क्यूबात चोर्रो दे माइता इथल्या टायनो कबरींमध्ये पितळेच्या बारीक नळ्या सापडल्या, आणि त्या युरोपीय नाड्यांची टोकं निघाली! आपण जे फेकून देऊ, ते त्यांनी दागिना म्हणून मेलेल्या माणसाच्या अंगावर ठेवलं. घरचं देऊन आकाशातलं घेतलं, तर त्यात भोळेपणा कसला? वाण्याच्या हिशेबानंही सौदा त्यांच्याच फायद्याचा होता.

तुमच्या पुस्तकात बहुधा नसलेली गोष्ट पुढची आहे. १४९५ मध्ये कोलंबसनं त्याच बेटावरच्या सिबाव भागात फर्मान काढलं : चौदा वर्षांवरच्या प्रत्येकानं दर तीन महिन्यांनी घुंगरूभर सोनं आणून द्यायचं. भरणाऱ्याच्या गळ्यात पावती म्हणून धातूचा बिल्ला. ज्या घुंगरासाठी होड्या धावत आल्या, तेच तीन वर्षांत वसुलीचं माप झालं.

आजोळच्या बैलाच्या घुंगुरमाळेतलं एक घुंगरू माझ्या टेबलावर असतं. परवा त्याच्या फटीतून मोहरी सोडून पाहिली. दीड चमचा मावली. हे वाचून लहान माप वाटेल. पण नदीतली वाळू परातीत घोळवत कणाकणानं तेवढं जमवायचं, घरातल्या प्रत्येकानं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून! शेताकडे कोण बघणार? लोक डोंगरात पळाले, लागवड बुडाली, दुष्काळ पडला. पुढे सक्तीची मजुरी आणि १५१८ च्या अखेरीस देवीची साथ. सगळे संपले मात्र नाहीत. पोर्तो रिकोतल्या आजच्या माणसांच्या जनुकांत टायनो वंशाचा धागा सापडतो.

प्रश्न : ‘बटाटा’ हा टायनो शब्द आहे असं मेहुणे म्हणतात. पैज लागली आहे.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : हरलात. पण मेहुण्यांनाही अर्धेच पैसे द्या. टायनोंचा ‘बटाटा’ म्हणजे आपलं रताळं. शब्द स्पॅनिशातून पोर्तुगीजांकडे आला, त्यांनी तो आपल्याकडे आणला आणि इथे दुसऱ्याच कंदाला चिकटला. खरा बटाटा आला अँडीज पर्वतातून, टायनोंनी तो पाहिलाही नव्हता.

मेहुण्यांना उलटा प्रश्न टाका : टायनो रोज काय खात? कसावाची भाकरी. मातीच्या उंच ढिगांवर लावलेला कंद किसायचा, विणलेल्या लांब पिशवीत घालून पिळायचा, कारण कडू जातीचा रस विषारी, आणि उरलेला कीस तव्यावर थापायचा. याच कंदापासून आपला साबुदाणा होतो. शेंगदाणे, मिरची, बटाटा हेही सगळे अमेरिका खंडांतले. एकादशीच्या खिचडीत आपलं म्हणावं असं तूप आणि जिरं उरतं, आणि जिऱ्याबद्दलही मी पैज लावणार नाही.